कुंदाच्या नोंदी

बावीस एप्रिलला सकाळी नऊ वाजता भिकू गुरवाचा फोन आला. तो आमच्या तिरोळ्याच्या देवराईतल्या देवाची पूजा करतो. फोन सहसा करत नाही.

"वायरमनानू, बेहड्यावरची ढोली गप आसा," तो म्हणाला.

"कधीपासना?"

"ता माका काय म्हायत? मी आज आयकलंय. म्हणजे आयकूक काय येवक नाय, म्हणान तर फोन केलंय."

मी तीस वर्षं लाइनमन होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गावात मला वायरमनच म्हणतात. माझी बायको कुंदा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दोन हजार एकतीस सालच्या ऑगस्टमध्ये ती हृदयविकाराने गेली. बेहड्यावरची ढोली ही तिची सर्वांत जुनी ढोली. तिची म्हणजे तिने एकोणीस वर्षं सांभाळलेली. हा फोन आला ते चौतीस साल.

ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. आमच्याकडे त्याला ककणेर म्हणतात. फेब्रुवारीच्या शेवटी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा, फळांचा लगदा लावून ढोलीचं तोंड आतून बंद करते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत अंडी घालते आणि उडायची पिसं गाळून टाकते. पुढचे दोन-अडीच महिने ती उडू शकत नाही. नर दिवसातून सात-आठ वेळा उंबर, वड, पिंपळाची फळं घशात भरून आणतो आणि एकेक करून फटीतून तिला देतो. तो आला नाही तर ती उपाशी, पिल्लंही उपाशी.

नर फार भित्रा असतो. माणूस दिसला की समोरच्या झाडावर पानांत बसून राहतो. माणूस जाईपर्यंत ढोलीकडे जात नाही, कारण गेला तर ढोली कुठे आहे ते कळेल. म्हणून कुंदा आठवड्यातून एकदाच जायची, चाळीस मिनिटं बसायची आणि ढोलीकडे पाठ करून बसायची. तिचं म्हणणं, पाखराला माणसाच्या डोळ्यांची भीती वाटते, पाठीची वाटत नाही. बघायचं नाही म्हणून ती ऐकायची. नर आला की चोच ढोलीच्या कडेला दोनदा आपटतो आणि आतून मादी बारीक, घोगरा आवाज काढते. तो आवाज आला की घरटं ठीक आहे. तो टिपायला तिने रेकॉर्डर घेतला. माइक झाडावर बांधायचं काम माझं. ते मी हंगामाआधी जानेवारीत करून ठेवायचो. तालुक्यात तिच्या सात ढोल्या होत्या. एकोणीस वर्षांत अकराशे चाळीस नोंदी झाल्या.

त्या दिवशी मी बेहड्याकडे गेलो आणि कुंदाच्या जागेवर पाठ करून बसलो. बारा वाजेपर्यंत नर आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी वनरक्षकाची परवानगी घेऊन मी कमरेला पट्टा बांधून वर चढलो आणि फटीतून छोटा कॅमेरा आत सोडला.

मादी मेली होती. तिच्याखाली दोन पिल्लं होती, तीही मेलेली. ढोलीच्या तोंडावरची माती आतल्या बाजूने उकरलेली दिसत होती. पंखात पिसं नसताना ती बाहेर पडायला निघाली होती.

खाली उतरलो तर दूर, शंभर मीटरवर कुणीतरी दोरी बांधली होती तिथे, चार माणसं उभी होती. आधीचे दोन दिवस माझी तिकडे पाठ होती. मोठ्या लेन्सचे कॅमेरे, मातकट रंगाचे कपडे. कुणी बोलत नव्हतं. मी जवळ गेल्यावर हिरवी टोपी घातलेल्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "काका, तुम्ही झाडावर कसे चढलात? असं चालत नाही. घरट्यावर माणसं आहेत हे त्यांना कळतं."

"घरट्यावर आता कुणी नाही. मादी मेली."

त्यांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाल्या, "पण आम्ही सगळे नियम पाळलेत. शंभर मीटरच्या आत गेलो नाही. फ्लॅश नाही, आवाज नाही. आमची वेळ दहा वीसची आहे, तेव्हाच आलो." त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर आमच्या देवराईचा नकाशा होता. बेहड्यावर लाल ठिपका होता. खाली वेळा लिहिल्या होत्या. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, वीस-वीस मिनिटांच्या. प्रत्येक वेळेला चार माणसं. एकही वेळ रिकामी नव्हती.

त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कानोसा. कै. कुंदा विश्राम पांचाळ यांच्या नोंदींवर आधारित.'

"ही माझी बायको," मी म्हणालो.

"अय्या, तुम्ही पांचाळ बाईंचे मिस्टर?" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडे या. हे कुंदाताईंचे मिस्टर!" नवऱ्याने टोपी काढून माझ्या पायाला हात लावला. ते दोघे इचलकरंजीहून पाच तास गाडी चालवून आले होते. बाई खरोखर रडल्या. कुंदाताईंमुळे आम्ही बघायला शिकलो, असं म्हणाल्या. मग माझ्याबरोबर एक फोटो काढू का, असं विचारलं. मी नाही म्हणालो नाही. तो फोटो त्यांच्याकडे आहे. त्यात माझ्या कमरेला अजून पट्टा आहे.

कानोसा काय आहे ते मला माहीत होतं. ते मीच सुरू करून दिलं होतं.

कुंदा गेल्यानंतर डिसेंबरमध्ये एका संशोधन संस्थेच्या डॉ. केतकी बापट घरी आल्या. चांगल्या बाई. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. तीन फोन तीन जागी ठेवले तर एकच आवाज तिघांना वेगवेगळ्या क्षणी पोचतो. त्या फरकावरून तो कुठून आला ते काढता येतं. हे जुनंच गणित. अडत होतं ते ओळखण्यात. ढोलीतल्या मादीचा आवाज माणसाला थोड्या अंतरावरही ऐकू येत नाही. फोनला येतो, पण किडे, पानं, पाणी यांत मिसळलेला. त्यातला ढोलीतला कुठला, हे मशीनला हजार वेळा दाखवावं लागतं. इतके नमुने कुणाकडे नव्हते, कारण सगळे जण घरटं बघायला जात होते. ऐकायला एकटी कुंदा जात होती.

"जंगलतोडीची परवानगी देण्याआधी तिथे किती घरटी आहेत ते वनखात्याला कळेल," डॉ. बापट म्हणाल्या. "आणि बाईंचा आवाज कायम जपला जाईल."

प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला कुंदा बोलते. 'बेहडा, देवराईचा. चार मार्च. साडेसात. वारा नाही.' कधी कधी मी तिच्याबरोबर असायचो. मग तेही येतं. 'विश्राम, खोकायचं असेल तर आधीच खोकून घे.' आणि मग माझा खोकला.

तो आवाज जपला जाईल म्हणाल्यावर मी पुढचं वाचलं नाही. सही केली. मुलगी रेवती पुण्याहून आली, तिनेही केली. 

पहिली दोन वर्षं मशीन वनखात्याकडेच होतं आणि त्याने चांगलं काम केलं. कुंदाला माहीत नसलेल्या चार ढोल्या सापडल्या. दोन डोंगरांवरची तोड थांबली. चौतीसच्या जानेवारीत ते 'कानोसा' या नावाने सगळ्यांच्या फोनवर खुलं झालं. सरकारी कामातून झालेली माहिती लोकांना द्यायची, असा कायदा आहे. मार्चच्या शेवटी, माद्या आत बसलेल्या असताना, लोकांनी फोन डोंगरावर ठेवले आणि एका सकाळीत ढोल्या शोधल्या.

झाडावरून उतरलो त्या संध्याकाळी मी भिकूच्या घरी गेलो. तो पडवीत बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता.

"इतकी माणसा राईत येतत, माका सांगूक नाय तू," मी म्हणालो.

"गावान ठरवल्यान. देवाक इचारलेला. तुमी तेवा चेडवाकडे पुण्याक होतास."

आमच्याकडे गावाचं मोठं काम देवाला विचारून करतात. देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बघायचं. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात.

"काय इचारलास?"

"भायली माणसा येतली. पायात चप्पल घालूची नाय, झाडाक हात लावचो नाय, फांदी मोडूची नाय. येवंदेत काय? देवान उजवो कौल दिल्यान."

"मगे?"

"मगे काय? खरा सांगतंय वायरमनानू, झाडाक कोणी हात लावूक नाय. एक पान तोडूक नाय कोणी."

"ककणेर दिवसभर येवचो नाय, ता इचारलास?"

भिकूने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ता इचारूचा आमका सुचलाच नाय. बाई असती तर तिका सुचला असता."

त्याचं चुकलं नव्हतं. राईत आमच्या वाडवडिलांपासून झाडाला जपतात. कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकी आणायची नाही. नुसतं बघून कुणी मरतं हे गावाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मे संपेपर्यंत सगळ्या ढोल्यांचं कळलं. अकरापैकी दहा ढोल्यांत मादी मेली किंवा पिल्लं मेली. एका ढोलीतून एक पिल्लू उडालं. ती ढोली कड्यावर होती आणि तिथे उभं राहायला जागा नव्हती.

डॉ. बापट जूनमध्ये आल्या. खुर्चीत नीट बसल्याही नाहीत.

"वेळा वाटून देण्याची कल्पना माझी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गर्दी नको. एकदम शंभर माणसं येण्यापेक्षा चार-चार यावीत. ती जागा एक मिनिटही रिकामी राहणार नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"मग त्या वेळा बंद करा."

"केल्या तर सगळे एकदम येतील. ठिपका तर दिसणारच."

"ठिपका बंद करा."

"तो अधिकार माझ्याकडे नाही. संस्थेकडेही नाही. तुमच्याकडे आहे." त्यांनी कागद काढला. "नोंदी तुमच्या आहेत. वारसाला त्या मागे घेता येतात. मग मशीनला त्या विसरवाव्या लागतात आणि त्यांवरून काढलेले ठिपकेही नकाशावरून जातात. वनखात्याची यादी कागदावर आहे, ती राहील. तोड थांबलेली आहे, ती थांबलेलीच राहील."

विसरवणं म्हणजे काय ते मी विचारलं. मशीनमध्ये नोंदी कपाटातल्या वह्यांसारख्या नसतात. आत फक्त आकडे असतात, काही कोटी. प्रत्येक नोंद ऐकताना ते आकडे थोडे थोडे हलले. विसरवायचं तर प्रत्येक नोंद परत चालवून तिने जेवढं हलवलं तेवढं उलटं हलवायचं. याला तीन आठवडे लागतात. मग मशीनला ढोलीतला आवाज ओळखता येणार नाही.

"पण त्या नोंदींची एक प्रत जरी कुठे राहिली," त्या म्हणाल्या, "तरी ती मिळवून कुणीही मशीनला परत शिकवू शकतं. आता पद्धत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडे नमुनेही पुरतात. म्हणून कायदा असा आहे की सगळ्या प्रती नष्ट करायच्या. आमच्या आणि तुमच्याही. दोन्ही वारसांनी शपथपत्र द्यायचं, आमच्याकडे काही उरलेलं नाही म्हणून. ते आल्याशिवाय काम सुरू होत नाही."

"तिचं बोलणं तेवढं कापून ठेवता येईल?"

"मी करून बघितलं," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डर सुरू करूनच बाई बोलायच्या. त्यांच्या बोलण्यामागे ढोली आहे. आपल्याला ऐकू येत नाही, पण आहे. त्यांचा आवाज ठेवला की ढोलीही ठेवल्यासारखीच."

"घासूनपुसून?"

"तो मग त्यांचा आवाज राहत नाही, काका. मी ऐकलाय. तुम्ही ऐकू नका."

लाइनवर काम करताना ती बंद ठेवण्याचं परमिट घ्यावं लागतं. ज्याच्या नावावर परमिट, त्यानेच ते परत करायचं. तो खांबावरून उतरून सही करेपर्यंत दुसऱ्या कुणी खटका ओढून वीज सोडायची नाही, साहेब आला तरी. तीस वर्षं मी हे पाळलं आहे. हे परमिट माझ्या नावावर होतं एवढं मला कळलं.

कुंदाचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही. तिला व्हिडिओ आवडायचा नाही. रेवतीच्या लग्नातल्या एका चित्रफितीत ती काहीतरी बोलते, पण तिथे बँड चालू आहे.

रेवती दिवाळीत आली. ती पुण्यात नर्स आहे. मी तिला सगळं सांगितलं. ती करंज्या तळत होती. तिने गॅस बंद केला.

"नाही," ती म्हणाली.

"रेवती, दहा ढोल्या गेल्या."

"मला वाईट वाटतं, बाबा. पण मी ड्यूटीवर जाताना रोज एक नोंद ऐकते. दीड वर्षात पाचशेपर्यंत आलेय. रोज ती मला तारीख सांगते. कुणाला इतकं मिळतं?"

"तिला हे चाललं नसतं."

"तिला काय चाललं नसतं ते तिला विचारायला ती नाहीये! आणि एक सांगू? तिने आयुष्यभर त्या ढोल्यांकडे पाठ केली म्हणता ना, आमच्याकडेही केली. मार्च, एप्रिल, मे. माझ्या प्रत्येक परीक्षेला ती राईत. आता कुठे ती माझ्याशी बोलतेय, तर ते पण पाखरांना द्या."

मी म्हणालो, "ती तुझ्याशी बोलत नाहीये. रेकॉर्डरशी बोलतेय."

हे मी बोलायला नको होतं.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाडव्याला सकाळी चहा झाल्यावर तिने मला विचारलं, "मादी कशी मेली? नीट सांगा." मी सांगितलं. आतून उकरलेल्या मातीचंही सांगितलं. ते मी आधी तिला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे राखून ठेवलं होतं. ती नर्स आहे, याने ती ऐकेल हे मला माहीत होतं.

ती उठली, फोन आणि नोंदींची छोटी डिस्क घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलाशी बसली. शेवटची एक नोंद ऐकू का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने न बघता एक लावली. 'ऐनाची ढोली. सतरा एप्रिल. आठ वाजून दहा. थोडा वारा. आज रेवतीचा निकाल आहे, लवकर निघते.' पुढे आणखी चाळीस मिनिटं नुसती पानं होती. तिने ती सगळी ऐकली. मग दोन्हींवरचं सगळं पुसलं, डिस्क माझ्याकडून हातोडीने फोडून घेतली आणि शपथपत्रावर सही केली.

"आता तुमचं," ती म्हणाली.

"करतो."

"आत्ता करा. माझ्यासमोर."

"करतो म्हटलं ना. मला एकट्याने करू दे."

तिने शपथपत्र माझ्यासमोर सरकवलं. मग बॅग भरायला गेली.

पुढचे सगळे रविवार तिचा फोन आला. आधी विचारायची, "झालं?" मी म्हणायचो, या आठवड्यात करतो. डिसेंबरात एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐकता का रोज?" मी तिला जेवलीस का, असं विचारलं. "म्हणजे माझं पुसायला लावलंत आणि तुम्ही ऐकताय," ती म्हणाली. ती ओरडली नाही. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशी बोलली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. आता ती माझी औषधं विचारते आणि फोन ठेवते.

डॉ. बापटांचेही फोन येतात. त्यांनी संस्थेतल्या सगळ्या प्रती एका ठिकाणी आणून कुलपात ठेवल्या आहेत. विसरवायचं काम झालं की त्याही नष्ट होतील. माझ्या कागदाची वाट आहे. माद्या आत शिरायच्या आधी तीन आठवडे हवेत, म्हणजे सहा फेब्रुवारीपर्यंत शपथपत्र पोचायला हवं.

काल भिकू सांगून गेला की राईत ककणेराची एक नवी जोडी आली आहे. नर बेहड्याच्या ढोलीत डोकावून बघतो, मादी फांदीवर बसून असते. गावाने या वर्षी परत कौल लावला आणि राई बंद केली. पण बेहड्याची ढोली समोरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, दिसते आणि सडा गावाचा नाही. तिथे आतापासून तीन गाड्या येऊन गेल्या.

आज पस्तीस सालची एकतीस जानेवारी आहे. रेवतीची सही झालेली आहे. तिच्या सहीखाली माझं नाव छापलेलं आहे आणि पुढे जागा कोरी आहे. अकराशे चाळीस नोंदी माझ्याकडे आहेत. त्यांतली एकही मी अजून पुसलेली नाही.